शेवटच्या मुलाचे गुण

अकरावीची पहिली गुणवत्ता यादी या आठवड्यात लागली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत, याही वर्तमानपत्रात, नामांकित महाविद्यालयांच्या ‘कट-ऑफ’चे तक्ते छापून आले. हे तक्ते कापून ठेवणारी घरं पुष्कळ आहेत. मूल नववीत असतानाच ते कपाटाला चिकटतात आणि वर्षभराने घरातली मोठी माणसं त्यांच्यावर बोट ठेवून मुलाचं कॉलेज ठरवतात. ज्याचा आकडा मोठा ते चांगलं, त्याहून लहान ते त्याच्या खालचं. माझं भांडण या हिशोबाशी आहे. दोन वर्षं मूल कुठे घालवणार, हा निर्णय आपण अशा आकड्यावर सोडतो, ज्याचा त्या कॉलेजातल्या शिकवण्याशी काडीचाही संबंध नाही.

प्रक्रिया थोडक्यात अशी. मुंबईत २००९ पासून अकरावीचे प्रवेश ऑनलाइन होऊ लागले, मग पुण्यासारख्या मोठ्या शहरांत, आणि २०२५ पासून अख्ख्या राज्याला एकच अर्ज लागू झाला. त्यात मुलाने जास्तीत जास्त दहा महाविद्यालयांचा पसंतिक्रम भरायचा. पहिल्या पसंतीचं मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. दुसऱ्यापासून दहाव्यापर्यंतचं मिळालं तर थांबण्याची मुभा असते. २०२५ मध्ये दहावी उत्तीर्ण झालेले नियमित विद्यार्थी साडेचौदा लाखांच्या घरात होते आणि अकरावीच्या जागा वीस लाखांहून जास्त. म्हणजे राज्याचा हिशोब केला तर जागांचा तुटवडा नाही. जून-जुलैत घराघरांत जी धावपळ दिसते ती प्रवेशासाठी नसते, मोजक्या काही नावांसाठी असते.

आता कट-ऑफ म्हणजे काय ते नीट पाहू. एखाद्या तुकडीत शेवटी प्रवेश मिळालेल्या मुलाचे गुण. किती जणांनी ते नाव वर लिहिलं आणि जागा किती होत्या, एवढंच त्यातून कळतं. अल्पसंख्याक संस्थेतली १२० जागांची एक तुकडी घ्या. निम्म्या, म्हणजे ६० जागा अल्पसंख्याक कोट्याच्या. दहा टक्के इनहाउसच्या, त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठीच्या, म्हणजे १२. पाच टक्के व्यवस्थापनाच्या, म्हणजे ६. सगळ्यांसाठी उरल्या ४२. त्या ४२ जागांवर शहरभरातून अर्ज आले की आकडा चढणारच. तिथे केमिस्ट्री कोण आणि कसं शिकवतं याचा त्या चढण्याशी संबंध नाही. शिवाय ९३.४ आणि ९२.८ या दोन आकड्यांत फरक किती? सर्वोत्तम पाच विषयांचे पाचशे गुण धरले तर तीन गुणांचा. भूगोलाच्या पेपरातला एखादा छोटा प्रश्न सुटला की राहिला, एवढाच. त्यावरून दोन संस्थांची प्रतवारी लावणं हा मुलावर अन्याय आहे आणि संस्थांवरही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. इतकी माणसं ज्या नावामागे धावतात ती सगळीच काय अजाण आहेत? गर्दी हाही एक पुरावाच. शिवाय हुशार मुलं जिथे जमतात तिथे आपलं मूल त्यांच्या संगतीने वर येतं. संगतीचा मुद्दा मी मान्य करतो, शाळा-कॉलेजात संगत हा निम्मा अभ्यासक्रम असतो. पण मुलं एकत्र बसली तर संगत घडते, आणि सायन्सला जाणाऱ्यांपैकी किती जण आज कॉलेजात बसतात? इंजिनीअरिंगचा प्रवेश सीईटीवर, वैद्यकीयचा ‘नीट’वर. बारावीचे गुण पात्रतेपुरते, खुल्या वर्गासाठी इंजिनीअरिंगला ४५ टक्के आणि वैद्यकीयला ५० टक्के. म्हणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत मूल क्लासमध्ये. ‘इंटिग्रेटेड’ नावाची जी व्यवस्था शहरोशहरी वाढली, तिच्यात कॉलेज उरलं आहे ते बोर्डाचा फॉर्म भरण्यापुरतं. तिथे दोन वर्षांत वर्गाची पायरी न चढलेल्या मुलाच्या नावापुढे ७५ टक्के हजेरी लागते. शिकवण्यांवर या सदरात लिहिलं तेव्हा अनेक पालकांनी कळवलं होतं की, त्यांना दुसरा मार्ग दिसत नाही. मी त्यांना दोष देत नाही. पण मूल कॉलेजात जाणारच नसेल, तर कट-ऑफच्या तक्त्यात वरचं कॉलेज मिळवण्यासाठी दहावीचं वर्ष रक्त आटवण्याचं कारण काय, याचं उत्तर कुणीतरी द्यावं.

आणि मूल जाणार असेल, तर बघण्याच्या गोष्टी वेगळ्या आहेत. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजीत शंभरपैकी तीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात. प्रयोगशाळेत जाऊन उभं राहिलं की पाच मिनिटांत कळतं: बर्नरच्या नळीला गॅस येतो का, ब्युरेट किती मुलांत एक आहे, सूक्ष्मदर्शकावर धूळ आहे की बोटांचे ठसे. बारावीतल्या कुठल्याही दोन मुलांना विचारावं, ‘तास रोज होतात का? मॅथ्सला सर आहेत का, की तासिका तत्त्वावरचे येतात आणि दिवाळीनंतर बदलतात?’ मुलं खरं सांगतात. आणखी एक गोष्ट कार्यालयात विचारावी. त्याच नावाच्या, त्याच इमारतीतल्या एका तुकडीला अनुदान असतं आणि शेजारच्या तुकडीला नसतं. एकीची फी काहीशे रुपये, दुसरीची हजारोंत, आणि शिक्षक बहुतेकदा वेगळे. बाहेरच्या पाटीवर नाव एकच असल्यामुळे घरच्यांना हे प्रवेशाच्या दिवशी कळतं, तेव्हा मागे फिरायला वेळ नसतो.

दुसरी गोष्ट रस्ता. बदलापूरच्या मुलीला चर्चगेटजवळचं कॉलेज मिळालं की सगळे अभिनंदन करतात. लोकलचा दीडेक तास, त्यापुढे चालणं, संध्याकाळी पुन्हा तेच, आणि तेही दाराशी लटकणाऱ्या गर्दीत. आठवड्याचे सहा दिवस हे करणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीकडे रात्री वही उघडायला काय उरतं? काही जण म्हणतील, प्रवासाने मूल तयार होतं, मोठं शहर बघतं. खरं आहे, आणि ज्याला नाटक, वादसभा किंवा एखादा दुर्मीळ विषय यांसाठी त्याच कॉलेजात जायचं आहे, त्याने हा त्रास जरूर सोसावा. त्याला कारण आहे. ज्याच्याकडे तक्त्यातला आकडा सोडून दुसरं कारण नाही, त्याने का सोसावा?

गावाकडे हाच प्रश्न जास्त कठोर होतो. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. राज्याने मुलींच्या शिक्षणासाठी केलेल्या अत्यंत चांगल्या गोष्टींपैकी ही एक. पण पास फुकट असला तरी गाडी तिच्याच वेळेला येते. तालुक्याच्या कॉलेजात प्रॅक्टिकलची शेवटची बॅच पाचला सुटत असेल आणि गावाकडची शेवटची गाडी साडेचारची असेल, तर एक तर प्रॅक्टिकल बुडतं किंवा महिन्या-दोन महिन्यांत घरचे म्हणतात, ‘आर्ट्स घे, दुपारी मोकळी होशील.’ अशी सायन्स सोडलेली मुलगी कुठल्याही आकडेवारीत नापास म्हणून दिसत नाही. एक अर्ज राज्यभर लागू झाला, चांगलं झालं. पण त्या अर्जात दहा नावं भरण्याआधी एसटीचं वेळापत्रक आणि कॉलेजचं वेळापत्रक शेजारी ठेवून बघणारं कुणीतरी त्या घरात हवं. आई-वडील शिकलेले नसतील तर हे काम दहावीच्या वर्गशिक्षकांचं आहे, आणि कित्येक ते मनापासून करतात.

मग मुलाचं म्हणणं कुठे? पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला काय कळतं, हा आक्षेप घराघरांत असतो, आणि तो अर्धा बरोबर आहे. पैसे किती परवडतील, किती लांब पाठवायचं, कुठल्या वस्तीतून रात्री यावं लागेल, हे मोठ्यांना जास्त कळतं. म्हणून त्यांनी या मर्यादा अर्ज भरण्याच्या आधी, मोकळेपणाने सांगाव्यात. त्या मर्यादेत बसणाऱ्या दहा कॉलेजांचा क्रम मात्र मुलाने लावावा. होतं उलटं. मर्यादा कुणी बोलून दाखवत नाही आणि क्रम काका लावतात. त्यात एक गैरसमज फार नुकसान करतो: अवघड नाव वर लिहिलं तर खालचंही हातचं जातं. तसं नाही. यंत्रणा गुणांच्या क्रमाने मुलं घेते. पहिलं नाव मिळालं नाही तर त्याच मुलाचं दुसरं नाव त्याच गुणांवर पाहिलं जातं. म्हणून जे खरंच हवं ते निर्धास्त वर लिहावं. धोका दुसरीकडे आहे: नुसत्या प्रतिष्ठेसाठी लिहिलेलं पहिलं नाव मिळालं तर ते सक्तीचं होतं. जिथे मुलाला रोज जायचं नाही ते नाव पहिल्या क्रमांकावर कुणी, काकांनीही, लिहू नये.

कुटुंबांनी कट-ऑफवर निर्णय घेऊ नये, असं म्हणताना एक गोष्ट सरकारला सांगणं भाग आहे. लोक त्या आकड्यावर जातात, कारण प्रवेशाच्या संकेतस्थळावर त्यांना शिकवण्याबद्दल दुसरं काही दिसत नाही. अनुदानित शिक्षकांचे पगार ‘शालार्थ’ प्रणालीतून होतात, शाळांची आणि शिक्षकांची माहिती दरवर्षी ‘यू-डायस’मध्ये भरली जाते. म्हणजे कुठल्या कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्सचं पद भरलेलं आहे आणि कुठे ते रिकामं आहे, हे खात्याला शोधायला जावं लागत नाही. कट-ऑफच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने हवेत: विषयवार मंजूर आणि भरलेली पदं, तुकडी अनुदानित की विनाअनुदानित, आणि बारावीला बसलेल्या मुलांपैकी किती जणांनी अकरावीपासून तिथेच शिक्षण घेतलं. पुढच्या वर्षीचा अर्ज सुरू होण्याआधी हे रकाने संकेतस्थळावर आले पाहिजेत, आणि ते आले की वर्तमानपत्रांनी कट-ऑफच्या तक्त्याला दिली तेवढीच जागा त्यांना द्यावी.