निष्ठा गावाची शीव पाहत नाही

कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरच्या बिद्रीचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे. याच परिसरातल्या तरुणांच्या मोबाइलवर शनिवारी रात्री लिव्हरपूल, आर्सेनल किंवा मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल संघाचा सामना चालू असतो आणि त्यावरून त्यांना बोल लावला जातो. ज्या शहराचे तोंड पाहिले नाही, ज्या मैदानाच्या पायरीवर कधी बसला नाहीत, त्या संघासाठी जीव टाकणे हे बेगडी प्रेम आहे, असे घरची वडीलधारी माणसे म्हणतात आणि कोल्हापुरातले पेठांच्या फुटबॉल संघांचे कट्टर समर्थकही म्हणतात. इंग्लंडमधले जुने समर्थक अमेरिकेतल्या नव्या चाहत्यांना नेमके हेच सुनावतात. आरोपाची कलमे तीन आहेत. असे प्रेम खोटे असते, कारण ते जन्माने आलेले नसते. ते परक्याचे अनुकरण असते. आणि त्याने जवळच्या मैदानाचे नुकसान होते. या तिन्ही कलमांत थोडे थोडे तथ्य आहे, म्हणूनच ती हसण्यावारी नेता येत नाहीत. तरीही त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. संघावरचा हक्क जन्मस्थानाने मिळत नाही, तो कर्तव्याने कमवावा लागतो. हे कर्तव्य दूरचा माणूसही पार पाडू शकतो आणि जवळचा माणूसही त्यात कसूर करू शकतो.

आधी ही निष्ठा जडते कशी ते पाहू. अमेरिकेत 1994 साली विश्वचषक झाला आणि 1996 पासून त्यांची स्वतःची व्यावसायिक लीग सुरू झाली. तरी इंग्लिश संघांचा मोठा चाहतावर्ग तिथे तयार झाला तो वेगवेगळ्या वाटांनी. कुणी आपल्या देशाच्या खेळाडूमागे गेला. ब्रायन मॅकब्राइड आणि क्लिंट डेम्प्सी फुलहॅमकडून खेळले, गोलरक्षक टिम हॉवर्ड 2006 पासून दहा वर्षे एव्हर्टनच्या गोलपोस्टपुढे उभा राहिला, तेव्हा त्या मध्यम कुवतीच्या संघांना अमेरिकेत घरे मिळाली. कुणी व्हिडिओ गेममधून आला. 2013-14 च्या हंगामापासून एनबीसी या अमेरिकी वाहिनीने प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल स्पर्धेचे सगळे 380 सामने दाखवायला सुरुवात केली आणि शनिवारची सकाळ या खेळाची झाली. इंग्लंडमध्ये दुपारी साडेबाराला सुरू होणारा सामना अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पहाटे साडेचारला दिसतो, तरी माणसे उठतात, एकत्र जमतात, गाणी म्हणतात. आपल्याकडेही वाटा याच आहेत. केबलवरच्या क्रीडावाहिन्यांनी पहिली पिढी घडवली, 2016 नंतर स्वस्त झालेल्या मोबाइल डेटाने दुसरी. इंग्लंडमधला दुपारी तीनचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठला लागतो, म्हणजे रानातली कामे आणि दुधाची वेळ उरकल्यावर. शिवाय मैदानावरची गर्दी घटू नये म्हणून इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनचे सामने दूरचित्रवाणीवर दाखवत नाहीत. त्यामुळे तिकीट न मिळालेल्या मँचेस्टरच्या माणसाला जो सामना घरी बसून पाहता येत नाही, तो बिद्रीत आणि शिकागोत थेट दिसतो.

पहिला आक्षेप इथेच उभा राहतो. जी निष्ठा वाहिनीच्या वेळापत्रकाने, एखाद्या खेळाडूच्या देखणेपणाने किंवा गेममधल्या बटणाने ठरली, ती योगायोगाची. तिला निष्ठा का म्हणायचे? सुरुवात योगायोगाने होते, हे मान्य. पण पेठेत जन्म होणे हाही योगायोगच आहे, तो कुणी कष्टाने मिळवलेला नसतो. निष्ठेची परीक्षा ती कशी सुरू झाली यात नसून ती कशी टिकली यात आहे. विजेता पाहून संघ निवडणारा आणि तो हरू लागताच दुसऱ्या विजेत्याकडे वळणारा माणूस बेगडी आहे यात वाद नाही. पण असा माणूस मँचेस्टरमध्येही असतो आणि मंगळवार पेठेतही. उलट, लिव्हरपूलला 1990 नंतर लीगचे विजेतेपद थेट 2020 मध्ये मिळाले. मधली तीस वर्षे ज्यांनी दूर देशी बसून तो संघ सोडला नाही, त्यांच्या पदरात पुरस्कार म्हणून बहुतेक वेळा निराशाच पडली. नफ्याच्या हिशेबाने कुणी इतका काळ थांबत नाही. ज्याला हरलेल्या सामन्याचे दुःख खरोखर होते, त्याचे प्रेम खोटे ठरवण्याचा अधिकार अंतराला नाही.

कोल्हापूरचा स्वतःचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. इथल्या फुटबॉलचे आधारस्तंभ आहेत तालमी: पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. तालीम ही मुळात कुस्तीची जागा. शाहू महाराजांच्या आश्रयाने ज्या शहरात कुस्ती वाढली आणि खासबागेचे मैदान उभे राहिले, त्या शहराच्या तालमींनी बाहेरून आलेला एक खेळ घेतला आणि तो इतका आपलासा केला की आज राजर्षी शाहू स्टेडियमवर पेठांची अब्रू पणाला लागते. या संघांत केवळ पेठेतली मुले खेळतात असेही नाही. बाहेरगावचे, परप्रांतातले, इतकेच काय नायजेरियासारख्या देशांतून आलेले खेळाडू पेठेचा टी-शर्ट घालून उतरले आहेत आणि त्यांच्या गोलवर गॅलरी नाचली आहे. खेळाडू हजारो मैलांवरून येऊन पेठेचा होऊ शकतो, तर समर्थकाला तीच मुभा का नाकारायची? आणि बिद्रीच्या मुलाचे काय? कोल्हापूरच्या लीगमधले नावाजलेले संघ शहरातले; कागल, भुदरगड, राधानगरीच्या खेड्यांतला मुलगा पाटाकडील किंवा दिलबहारचा समर्थक होतो तेव्हा तोही दुसऱ्याच्याच पेठेला आपली म्हणतो. त्या पेठेत ना त्याचे घर, ना तिच्या तालमीत त्याचा आजा घुमलेला. त्याची ती निष्ठा कुणी खोटी म्हणत नाही. म्हणजे जन्माचा नियम गावाबाहेर पडताच मोडलेला आहे. तो समुद्र ओलांडताना मात्र लागू करायचा, याला तर्काचा आधार नाही.

दुसरा आक्षेप स्वाभिमानाचा आहे. ज्यांनी दीडशे वर्षे राज्य केले, त्यांच्या संघांचे झेंडे खांद्यावर घेणे ही मनाची गुलामी नव्हे काय? आक्षेपामागची भावना सच्ची आहे, पण तिचा नेम चुकला आहे. हे संघ साहेबाच्या दिवाणखान्यात जन्मलेले नाहीत. मँचेस्टर युनायटेडची सुरुवात 1878 मध्ये न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांनी केली, आर्सेनल 1886 मध्ये वुलिचच्या दारूगोळा कारखान्यातल्या कामगारांनी उभे केले. त्यांची मुळे गिरणी, रेल्वे आणि गोदीच्या वस्तीत आहेत. शिवाय हा खेळ आपण केवळ पाहून घेतला नाही, खेळून घेतला. 29 जुलै 1911 रोजी कोलकात्याच्या मोहन बागानने ब्रिटिश लष्कराच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असे हरवून आयएफए शिल्ड जिंकली, तेव्हा परकीय खेळ हेच स्वाभिमानाचे साधन झाले. विश्वचषकाच्या दिवसांत कोल्हापूरच्या चौकाचौकांत ब्राझील आणि अर्जेंटिना यांचे फलक लागतात, त्याला कुणी गुलामी म्हणत नाही. मग मर्सी नदीकाठच्या लिव्हरपूलचे नाव आले की इतिहास का आठवावा? डोळे मिटून केलेले अनुकरण वाईट, आणि उघड्या डोळ्यांनी जोपासलेली आवड ही माणसाची मोकळीक आहे.

आता त्या तीन कलमांत न बसणारा, पण सर्वांत जड आक्षेप. तो असा की दूरचा चाहता स्वतः भला असला तरी त्याच्यामुळे संघ बाजारू होतो. याला भक्कम पुरावा आहे. 2022 ते 2025 या तीन हंगामांच्या करारांत प्रीमियर लीगच्या परदेशी प्रक्षेपण हक्कांचे मोल पहिल्यांदाच इंग्लंडमधल्या हक्कांच्या वर गेले. जिथून पैसा जास्त येतो तिकडे मालकाचे तोंड वळते. 18 एप्रिल 2021 रोजी युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी, त्यात इंग्लंडचे सहा, स्वतंत्र सुपर लीगची घोषणा केली. तिच्यामागचे गणित हेच होते की जगभरचा प्रेक्षक बड्यांच्याच झुंजी पाहील, गावच्या प्रेक्षकाची पर्वा कशाला? तो डाव दोन दिवसांत उधळला तो मुख्यतः इंग्लंडमधले समर्थक रस्त्यावर उतरल्यामुळे. त्याआधी विम्बल्डन हा लंडनचा संघ उचलून दूरच्या मिल्टन कीन्सला नेण्याचे ठरले, तेव्हा लंडनमधल्या त्याच्या समर्थकांनी 2002 मध्ये नवा संघ शून्यातून उभारला आणि तो पुन्हा फुटबॉल लीगमध्ये नेला. संघाला जागा असते, शेजार असतो, स्मृती असते, हे या घटना सांगतात. दूरच्या चाहत्याने हे नाकारले तर त्याचा पक्ष तिथेच पडतो. मीही ते नाकारत नाही. पण या सर्व प्रकरणांत आरोपी कोण आहे ते नीट पाहिले पाहिजे.

अंतर हा दोष असता तर तो आधी मालकांच्या माथी लागला असता. नोव्हेंबर 2010 मध्ये पुण्याच्या व्यंकीज समूहाने ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. 1875 साली स्थापन झालेला आणि 1994-95 मध्ये प्रीमियर लीग जिंकलेला हा क्लब महाराष्ट्रातल्या एका उद्योगाच्या मालकीचा झाला. मे 2012 मध्ये संघाची घसरगुंडी होऊन तो प्रीमियर लीगमधून बाहेर पडला आणि तिथल्या समर्थकांचा संताप अनेक वर्षे धुमसत राहिला. पैसे मोजले म्हणून पुण्याहून क्लब चालवण्याला कायद्याची मान्यता आहे. मग बदल्यात काही न मागता त्याच क्लबसाठी जागणाऱ्या कोल्हापूरच्या माणसालाच परका का ठरवायचे? याच्या नेमके उलट उदाहरण वेल्समधल्या रेक्सहॅमचे. इंग्लिश लीगमध्ये खेळणारा 1864 चा हा क्लब दिवाळखोरीच्या कडेला आला असता 2011 मध्ये समर्थकांच्या विश्वस्त संस्थेने तो ताब्यात घेतला आणि दहा वर्षे चालवला. रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएलहेनी या अभिनेत्यांनी तो मागितला तेव्हा निर्णय सभासदांच्या मतदानाने झाला आणि 98 टक्क्यांहून अधिक मते बाजूने पडली. पुढे या क्लबवरच्या माहितीपट मालिकेमुळे अमेरिकेत हजारो नवे चाहते जोडले गेले, आणि 2023, 2024, 2025 अशा सलग तीन वर्षे संघ वरच्या श्रेणीत चढला. बाहेरची माणसे आली, पण गावाला विचारून आली. हा फरक बिद्रीच्या माणसाला समजावून सांगावा लागू नये. कारखान्याच्या धुराड्याखाली ज्याचे घर तो आपोआप सभासद होत नाही. कागल, राधानगरी, भुदरगड, करवीर अशा चार तालुक्यांतून जो शेअर घेतो, ऊस घालतो आणि वार्षिक सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारतो तो सभासद. तिथे कुणी त्याच्या गावाचे अंतर मोजत नाही, त्याने आपला वाटा उचलला की नाही ते पाहतात. फुटबॉलमध्येही हाच न्याय लावला पाहिजे. जर्मनीत क्लबच्या मतांची बहुसंख्या सभासदांच्याच हाती ठेवणारा नियम आहे, आणि त्याचे मर्मही हेच आहे.

राहिला तिसरा आक्षेप, जवळच्या मैदानाचा. रात्री इंग्लंडचा सामना पाहणारा पोरगा दुपारी शाहू स्टेडियमवर जात नाही, गावच्या मैदानावर उतरत नाही, असे म्हणतात. काही जणांबाबत ते खरे असेल. पण आवड ही शिधापत्रिकेवरच्या धान्यासारखी मोजून मिळत नाही की एकाला दिली म्हणजे दुसऱ्याला कमी पडावी. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला, तो याच दोन्ही हवा अंगावर घेतलेल्या शहराचा मुलगा. ज्या गावात खेळ पाहिला जातो त्या गावात तो खेळला जाण्याची शक्यता वाढते, कमी होत नाही. खेड्यातल्या मुलाला अडवतात त्या गोष्टी वेगळ्याच आहेत: सपाट मैदान नाही, प्रशिक्षक नाही, मुलींसाठी संघ नाही, शहराच्या लीगपर्यंत पोचण्याची पायरी नाही. या उणिवा लिव्हरपूलने निर्माण केलेल्या नाहीत आणि लिव्हरपूलचा झेंडा उतरवल्याने त्या भरून निघणार नाहीत.

मात्र इथूनच दूरच्या चाहत्याचे ऋण सुरू होते. संघ हरत असताना त्याने तो सोडू नये. त्या संघाच्या घरच्या माणसांवर मालकाने अन्याय केला, तिकिटे वाढवली, संघ उचलून नेला, तर त्याने मालकाच्या बाजूने नव्हे, त्या माणसांच्या बाजूने उभे राहावे. कारण त्यांनी तो संघ जपला नसता तर याच्यापर्यंत तो पोचलाच नसता. आणि तिथे जे चांगले पाहिले ते इथे मागावे. वयोगटानुसार प्रशिक्षण, महिलांचा संघ, कुटुंबासह निर्धास्त बसता येईल अशी गॅलरी, समर्थकांचे म्हणणे ऐकणारी संघटना, या गोष्टी पडद्यावर रोज पाहणाऱ्याने कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे, आपल्या ग्रामपंचायतीकडे, आपल्या शाळेकडे त्यांचा आग्रह धरला पाहिजे. गॅलरीत हुल्लडबाजी होऊन सामना थांबतो तेव्हा ती करणारे पेठेत जन्मलेलेही असतात, आणि त्यांच्या जन्माने त्यांच्या संघाचे काही भले होत नाही. म्हणून कुणाची निष्ठा अस्सल हे ठरवताना तो कुठे जन्मला हे विचारू नये. त्याने संघासाठी काय सोसले, संघाच्या माणसांसाठी काय केले आणि स्वतःच्या गावच्या मैदानाला काय दिले, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यांना जो उत्तर देऊ शकतो तो बिद्रीत राहो की बोस्टनमध्ये, त्या संघाचाच आहे. जो देऊ शकत नाही, त्याचे घर मैदानाच्या भिंतीला लागून असले तरी तो केवळ प्रेक्षक आहे.