घाई कोणाची?

सप्टेंबर महिन्यात वांद्र्याच्या टेकडीवर माउंट मेरीची जत्रा भरते. वसईकडची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या या जत्रेला जात आली आहेत आणि तेथील रांगेत ताटकळणे त्यांना नवे नाही. अलीकडे त्याच महिन्यात, वांद्र्यातच, आणखी एक रांग लागू लागली आहे. एप्रिल २०२३ मध्ये अ‍ॅपल कंपनीने वांद्रे-कुर्ला संकुलात भारतातील आपले पहिले दुकान उघडले. तेव्हापासून आयफोनच्या नव्या आवृत्तीची विक्री सुरू होते त्या दिवशी तरुण मंडळी आदल्या रात्रीपासून दाराशी येऊन बसतात. १९ सप्टेंबर २०२५ रोजी तर या रांगेत हातघाई झाली आणि सुरक्षारक्षकांना मध्ये पडावे लागले. या दोन रांगांची तुलना करण्याचा मोह आम्ही आवरतो. ती करण्याचा आमचा अधिकार कितपत, हे वाचकांना पुढे कळेलच.

२०२४ च्या सप्टेंबरात घरभेटींच्या निमित्ताने आम्ही धर्मग्रामातील एका घरी गेलो होतो. वडील वाडीत फुले पिकवून पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात नेणारे. थोरला मुलगा नुकताच नोकरीला लागलेला. धाकटीच्या परिचर्या महाविद्यालयातील प्रवेशाची जुळवाजुळव चाललेली. आम्ही उंबरठा ओलांडला तेव्हा घरात वाद सुरू होता. आम्हाला पाहून तो थांबला, पण मिटला नव्हता. मुलाला ‘आयफोन १६’ हवा होता. ९ सप्टेंबरला त्याची घोषणा झाली होती, २० तारखेला विक्री सुरू व्हायची होती आणि किंमत होती ७९,९०० रुपये. त्याच्याजवळचा फोन तीन वर्षांचा, चांगला चालणारा. दुपारनंतर बॅटरी उतरते, एवढीच त्याच्याविरुद्ध तक्रार.

“फादर, आता तुम्हीच याला सांगा,” वडील म्हणाले.

आम्ही तोंड उघडण्यापूर्वी मुलाची नजर मेजाकडे गेली. तेथे आमचा फोन होता. आखातात नोकरीस असलेल्या एका भाविकाने आदल्या नाताळला दिलेली ती भेट. आमच्या जुन्या फोनला काहीही झालेले नसताना आम्ही ती आनंदाने स्वीकारली होती. मुलगा सभ्य आहे. तो बोलला काहीच नाही, केवळ हसला. आम्हीही काही बोललो नाही. चहा घेतला, आशीर्वाद दिला आणि उठलो. पुढे आठवडाभरात तो फोन चोवीस हप्त्यांवर घरी आला.

त्या संध्याकाळी जे बोलायला हवे होते ते आम्ही आज लिहीत आहोत. विलंबाचा एक लाभ झाला आहे. त्या खरेदीचे पुढे काय झाले हे आता तर्काने नव्हे, तर तारखांनिशी सांगता येते.

हा फोन ज्या गुणासाठी घ्यावा असे जाहिराती सांगत होत्या तो गुण म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. जून २०२४ मध्ये ‘अ‍ॅपल इंटेलिजन्स’ या नावाने तिची घोषणा झाली आणि नवा फोन तिच्यासाठीच घडविलेला आहे, असे सांगण्यात आले. परंतु २० सप्टेंबरला जो फोन लोकांच्या हाती पडला त्यात ती नव्हती. तिचा पहिला हप्ता ऑक्टोबरच्या अखेरीस आला, तोही अमेरिकी इंग्रजीपुरता. भारतीय इंग्रजीला मार्च २०२५ ची अखेर उजाडावी लागली. मालकाच्या साऱ्या गोष्टी लक्षात ठेवून उत्तर देणारा जो साहाय्यक जाहिरातीत दाखविला होता त्याचे काम लांबणीवर पडल्याचे कंपनीनेच त्या महिन्यात कळविले आणि ती जाहिरातही मागे घेतली. म्हणजे वस्तू रोखीने विकली गेली आणि गुण उधार राहिला. आमच्या बाजारात एखाद्या भाजीवालीने असे केले असते तर तिची टोपली जागच्या जागी उलथली असती.

आता किमतीकडे पाहू. ज्या दिवशी ‘आयफोन १६’ ची घोषणा झाली त्याच दिवशी ‘आयफोन १५’ ची किंमत ७९,९०० वरून ६९,९०० वर आली. बरोबर एका वर्षाने ‘१७’ आला आणि ‘१६’ चेही तेच झाले. पहिल्या दिवशीच्या ग्राहकाने हे दहा हजार रुपये कशासाठी मोजले? फोनसाठी नव्हे, कारण फोन तोच आहे. शेजाऱ्याच्या आधी हाती असावा, एवढ्यासाठीच ते गेले. ही रीत जुनी आहे. पहिला आयफोन २९ जून २००७ रोजी अमेरिकेत विक्रीस आला. दहा आठवडेही झाले नव्हते तोच ५९९ डॉलरांचा फोन ३९९ डॉलरांवर आणला गेला. ज्यांनी पहिल्या दिवशी रांगा लावल्या होत्या तेच सर्वांत अधिक संतापले आणि स्टीव्ह जॉब्स यांना जाहीर पत्र लिहून त्यांची क्षमा मागावी लागली. सोबत शंभर डॉलरांची भरपाई देऊ केली, पण ती रोख नव्हे; कंपनीच्याच दुकानात खर्च करावयाची!

“हप्त्यांमध्ये जाणवत नाही, फादर,” असे आम्हाला नेहमी सांगण्यात येते. न जाणवणे हाच त्या व्यवस्थेचा हेतू आहे. ७९,९०० रुपये चोवीस महिन्यांत विभागले तर व्याज मुळीच न धरताही महिन्याला ३,३२९ रुपये होतात. धाकटीच्या शुल्कासाठी पैसे उभे करणाऱ्या घराला ते जाणवत नसतील, यावर आमचा विश्वास नाही. ‘बिनव्याजी’ या शब्दाविषयी तर रिझर्व्ह बँकेनेच २०१३ मध्ये बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. व्याज कुठे किमतीत मुरवलेले असते, कुठे प्रक्रिया शुल्कात, कुठे रोखीने घेतल्यास मिळाली असती त्या सवलतीत. ते दिसत नाही, इतकेच.

परंतु पैशांचा हिशेब आम्ही मुख्य मानीत नाही. मुलगा कमावता आहे. त्याच्या कष्टाचा पैसा त्याने कसा खर्चावा हे धर्मगुरूने ठरवू नये, असे कोणी म्हणेल तर ते आम्हास मान्य आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. या खरेदीची तारीख ठरवली कोणी? घरातील पंप जळतो तेव्हा नवा आणतात. छप्पर गळू लागले की पावसापूर्वी कौले फिरवितात. या गोष्टींची तारीख गरज ठरविते. फोनची तारीख मात्र कॅलिफोर्नियात ठरते आणि आपल्या घरातील गरज त्या तारखेपर्यंत कशीबशी तयार करून ठेवावी लागते. ऑगस्टपर्यंत चांगला असलेला फोन सप्टेंबर लागताच ‘स्लो’ वाटू लागतो. हा चमत्कार आम्ही आमच्या स्वतःच्या बाबतीतही अनुभवला आहे.

फोन खरोखरच मंदावला असेल, तर त्यामागे पुष्कळदा बॅटरी असते. लिथियमची बॅटरी झिजते. तो तिचा धर्म आहे. ‘आयफोन १४’ पर्यंतच्या फोनांची बॅटरी पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की मूळच्या ८० टक्के क्षमतेवर येईल अशा बेताने घडविलेली आहे, असे कंपनी स्वतः सांगते. रोज एकदा पूर्ण वापर झाला तर हे दीड वर्षाच्या आतच घडते. डिसेंबर २०१७ मध्ये तर कंपनीने कबूल केले की झिजलेल्या बॅटरीचे जुने आयफोन एकाएकी बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग आपणच कमी करीत होतो. ग्राहकांना हे आधी स्पष्ट सांगितलेले नव्हते. ओरड झाली, तेव्हा ७९ डॉलरांची बॅटरीबदली एका वर्षासाठी २९ डॉलरांत करून देण्यात आली. लोकांनी बॅटरी बदलल्या आणि तेच जुने फोन पुन्हा पहिल्यासारखे धावू लागले. २ जानेवारी २०१९ रोजी कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाल्याची कारणे दिली. चीनमधील मंदी हे मुख्य कारण होतेच. परंतु ग्राहकांनी स्वस्तातल्या बॅटरीबदलीचा लाभ घेतला, हेही त्या यादीत होते! ज्या गोष्टीमुळे नवा फोन घेण्याचे कारण उरत नाही, ती कोणती हे विक्रेत्यानेच लेखी दिले आहे. याहून मोठा साक्षीदार आम्ही कोठून आणावा?

यावर एक आक्षेप सबळ आहे. फोन चालतो म्हणून सुरक्षित असतोच असे नाही. कंपनी एका मुदतीनंतर सुरक्षेच्या सुधारणा पाठविणे थांबविते आणि त्यानंतर त्या फोनवरून पैशांचे व्यवहार करणे म्हणजे कडी न लावता झोपणे होय. हे आम्ही निःशंकपणे मान्य करतो. पण ही मुदत किती, तेही पाहा. २०१८ सालच्या आयफोनांना २०२४ ची मुख्य आवृत्तीही मिळाली. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या ‘पिक्सेल ८’ ला आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये ‘गॅलॅक्सी एस २४’ ला सात वर्षे सुधारणा देण्याचे वचन दिले. घडविणारा सात वर्षे सांगतो आणि आम्ही दोन वर्षांत कंटाळतो. टाकलेल्या यंत्रांचे पुढे काय होते तेही थोडक्यात सांगतो: संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्याचा चौथा हिस्सादेखील रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात आला नाही.

मोबाईलने पिढी बिघडविली, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत मात्र आम्हास कोणी बसवू नये. २०२० च्या टाळेबंदीत शाळा फोनवरच भरली आणि ज्या घरी फोन नव्हता त्या घरच्या मुलांचे काय झाले ते आम्ही पाहिले आहे. फुलांचा भाव आज फोनवर कळतो, पैसे फोनवर येतात. आणि येथेच त्या संध्याकाळची खरी चूक आहे. त्या घरात नव्या फोनची गरज एकालाच होती, ती वडिलांना. त्यांचा फोन सहा वर्षांचा, काच तडकलेली, सुरक्षेच्या सुधारणा केव्हाच थांबलेल्या; आणि बाजाराचा सगळा पैसा त्याच फोनवर जमा होतो. त्यांचे काम पंधरा हजारांच्या आतील फोनने सहज भागले असते. तडकलेली ती काच आम्ही त्या दिवशी पाहिली होती. पण फोनची गोष्ट निघाली की सारे घर तरुण मुलाकडे पाहते, तसे आम्हीही पाहिले.

भेट मिळालेला फोन परत करता येत नाही. देणाऱ्याचे मन दुखावते. तो आम्ही धर्मग्रामाच्या कार्यालयात ठेवला आहे. खणातला जुना फोन बाहेर काढून स्टेशनाजवळच्या दुकानात बॅटरी बदलून घेतली. सुधारणा अजून येतात, हे आधी पाहून घेतले होते.

गेल्या सप्टेंबरात त्या घरी पुन्हा जाणे झाले. बारा हप्ते बाकी होते आणि ‘१६’ देऊन ‘१७’ घेतला तर वर किती भरावे लागतील, याची चौकशी मुलाने केली होती. मेजावर आमचा फोन पाहून त्याने विचारले, “फादर, हा तर जुना! याची बॅटरी टिकते?”

“रात्रीपर्यंत,” आम्ही म्हणालो, “आणि पप्पांच्या फोनची?”

त्याने फळीवरचा वडिलांचा फोन उचलला, तडकलेल्या काचेवरून बोट जपून फिरवीत शेवटच्या सुधारणेची तारीख शोधून काढली, आणि बराच वेळ तो फोन हातातच धरून बसला.