किल्ली देण्याआधी दोन लायसन्स तपासा

पालकांनो, बारावीची परीक्षा संपली. आता रोज संध्याकाळी मोकळ्या मैदानांवर गाड्या दचके खात पुढे सरकताना दिसतील. स्टिअरिंगवर सतरा-अठरा वर्षांचं पोर आणि शेजारी आई नाहीतर बाबा. या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आज किल्ली हातात देण्याआधी दोन लायसन्स समोर ठेवा, एक मुलाचं आणि एक तुमचं. दोन्ही नियमात बसत असतील तरच गाडी बाहेर काढा.

गेल्या रविवारी आमच्या घराजवळच्या मैदानात एक मुलगी गाडी शिकत होती. वडील डाव्या सीटवर बसून मोबाइलवर तिचं चित्रण करत होते. क्लच सुटला, गाडी उसळली आणि घाबरलेल्या मुलीचा पाय ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडला. वडील "ब्रेक, ब्रेक!" असं ओरडत दोन सीटांमध्ये हँडब्रेकचा दांडा चाचपत राहिले. त्या गाडीत दांडा नव्हताच, बटण होतं. गाडी मुरमाच्या ढिगात रुतून थांबली तेव्हा क्रिकेट खेळणाऱ्या मुलांचा एक स्टंप चाकाखाली होता. मुलं पळाली म्हणून वाचली. नंतर कळलं की मुलीकडे लर्निंग लायसन्सही नव्हतं.

घरी आल्यावर मी माझं लायसन्स काढून पाहिलं. त्याची मुदत संपून चार महिने झाले होते. मीसुद्धा त्याच आठवड्यात माझ्या मुलीला शिकवायला बसणार होते. हे लिहायला घेतलं ते त्या रात्री बसलेल्या धक्क्यामुळे.

आधी मुलांचं बघू. मोटार चालवायला आणि तिचं लर्निंग लायसन्स मिळायला वयाची १८ वर्षं पूर्ण लागतात. सोळाव्या वर्षी पालकाच्या लेखी संमतीने लायसन्स मिळतं, पण ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं. आपण घरोघरी जिला सरसकट 'स्कूटी' म्हणतो, ती बहुधा ११० किंवा १२५ सीसीची असते. ती सोळा वर्षांच्या मुलासाठी नाही. बॅटरीची स्कूटर बिनलायसन्स चालते, हाही अर्धाच खरा समज. मोटरची ताकद २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच ती सूट आहे.

लर्निंगची परीक्षा आता आधारच्या साहाय्याने घरबसल्या देता येते. ती मुलालाच देऊ द्या. शेजारी बसून उत्तरं सांगाल, तर चौकातली खूण त्याला कोण सांगणार?

आता आपलं, म्हणजे शिकवणाऱ्याचं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला तिसरा नियम स्पष्ट आहे. शिकाऊ चालकासोबत ते वाहन चालवण्याचं वैध लायसन्स असलेली व्यक्ती हवी, आणि गाडी ताब्यात घेता किंवा थांबवता येईल अशा जागी ती बसलेली हवी. म्हणून हे तपासा:

१. लायसन्सची मुदत चालू आहे का? संपली असेल तर शिकवणं आजच थांबवा. वर्षाच्या आत नूतनीकरणाचा अर्ज करा. वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

२. लायसन्स कोणत्या वाहनाचं आहे? फक्त दुचाकीचं लायसन्स असलेले बाबा मोटार शिकवू शकत नाहीत. बिनगिअरच्या स्कूटरचं लायसन्स असलेली आई गिअरची मोटारसायकल शिकवू शकत नाही.

३. तुम्ही पुढच्या सीटवर, हँडब्रेकजवळ आहात ना? ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. आपल्या गाडीत तो नाही. बटणाचा हँडब्रेक असेल तर चालत्या गाडीत तो कसा लावायचा, हे आधी पुस्तिकेत वाचा. मोबाइल खिशातच राहू द्या.

४. पुढे आणि मागे, पांढऱ्यावर लाल 'एल' लावला आहे का? दुचाकीवर मागे शिकवणाऱ्याशिवाय दुसरं कुणी बसायचं नाही. हेल्मेट दोघांनाही.

"मैदानात काय होतंय?" असं म्हणू नका. कायद्यातली सार्वजनिक जागा म्हणजे केवळ डांबरी रस्ता नव्हे. लोकांना जायचा हक्क असलेली कुठलीही जागा तिच्यात येते.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलिसांचं म्हणणं आहे. तेव्हा आपण सगळेच हळहळलो, संतापलो. त्याआधीच, २०१९ मध्ये, कायद्यात कलम १९९अ आलं होतं. अल्पवयीन मुलाकडून गाडी चालवताना गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरले जातात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. "मला ठाऊक नव्हतं" हे पालकालाच कोर्टात सिद्ध करावं लागतं. आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. लाडाने वर्षभर आधी दिलेली किल्ली पुढची सात वर्षं हिरावून घेते. विमा कंपनीने भरपाई दिली तरी ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा न्यायालयं देत आली आहेत.

मुलांना आपणच शिकवावं, असं मला मनापासून वाटतं. वळणावर आरसा पाहायची आणि शाळेसमोर वेग कमी करायची सवय आईबाबांच्या शेजारी बसून जशी लागते, तशी इतर कुठे लागत नाही. लर्निंग मिळाल्यावर पक्क्या लायसन्सच्या चाचणीआधी किमान ३० दिवस हातात असतात. ते सत्कारणी लावा. पण शिकवणाऱ्यानेच नियम मोडला, तर मुलाचा पहिला धडा तोच ठरतो.

मी नूतनीकरणाचा अर्ज केला आहे. लेक रोज विचारते, "आई, कधी?" नवं लायसन्स हाती येईपर्यंत आमची गाडी पार्किंगमध्येच उभी राहील. तुमच्याकडेही काही कमी असेल तर तुमचीही राहू द्या.

आपली,
एक आई