बोटांपर्यंत पोहोचणारी अक्षरं

मी मिहानमध्ये सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या क्षेत्रात दिव्यांगांसाठी सोय म्हणजे ठरलेली जोडी असते: दिसत नसेल तर आवाज द्या, ऐकू येत नसेल तर अक्षरं दाखवा. कॅप्चाचं चित्र वाचता येत नाही? शेजारी स्पीकरचं बटण आहे. पण ज्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्याचं काय? एका इंद्रियाची उणीव दुसऱ्याने भरायची या हिशोबात कर्णबधिर-अंध माणूस बसतच नाही.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने या अवस्थेचं नाव घेतलं आणि 'संवादा'च्या व्याख्येत ब्रेलबरोबर स्पर्शाने होणारा संवादही धरला. त्याआधीच्या २०११च्या जनगणनेत मात्र एकाहून अधिक अपंगत्वांसाठी एकच रकाना होता. त्यातल्या २१ लाखांहून अधिक माणसांत ही माणसं मिसळून गेली.

तंत्रज्ञान आहे. ब्रेल डिस्प्ले हे छोटं यंत्र ब्लूटूथने फोनला जोडतात. फोनवरचा मजकूर ओळीने खाली-वर होणाऱ्या टाचण्यांत उमटतो, माणूस तो बोटांनी वाचतो आणि त्याच यंत्राच्या कळांवर उत्तर लिहितो. समोरच्याला ब्रेल येण्याची गरज नाही. मजकुराचं ब्रेल करणारं लिब्लुई हे सॉफ्टवेअर मोफत आणि खुलं आहे, त्यात मराठीही आहे. (भारती ब्रेलमध्ये मराठीचा क आणि उर्दूचा काफ यांचे ठिपके एकच, आणि उर्दूही डावीकडून उजवीकडे वाचतात. लिपीवरून भांडणाऱ्यांनी एकदा बोट फिरवून पाहावं.)

अडचण पैशाची आहेच. ४० खान्यांचा डिस्प्ले लाखाच्या पुढे जातो. शिवाय यंत्र भाषा शिकवत नाही. जन्मापासून दोन्ही नसलेल्या मुलाला पहिला शब्द कुणाच्या तरी हातातूनच मिळतो. मुंबईत बेरोझ वाच्छा यांनी १९७७ साली हेलन केलर इन्स्टिट्यूट सुरू केली, ती याच कामासाठी.

पण ज्याच्याकडे भाषाही आहे आणि यंत्रही, त्याला आपण काय पाठवतो? मोहल्ल्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडून पाहा. इनपेजमध्ये सजवलेली उर्दू सूचना फोटो म्हणून येते. वजीफ्याच्या अर्जाची शेवटची तारीख रंगीत मराठी पोस्टरवर. जनाजाची वेळ व्हॉइस नोटमध्ये. या तिन्हींतला मजकूर डिस्प्लेवर आपोआप उमटत नाही. कृतिदेवमध्ये टाइप केलेलं मराठी पत्रक तर आणखी वाईट: पडद्यावर मराठी, पण आत इंग्रजी अक्षरांचा काला, आणि बोटांखाली तोच येतो.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो खटला ई-केवायसीत डोळे मिचकावायला लावण्याबद्दल होता, पण ओटीपीचा काटाही तितकाच निर्दय आहे. बोटांनी वाचायला वेळ लागतो आणि मुदत संपून जाऊ शकते. वेळ वाढवून मागण्याची सोय कोडच्या दृष्टीने फार मोठं काम नाही. आपल्यातले अनेकजण अशी कोडं लिहितात. पुढच्या डिझाइन बैठकीत हा मुद्दा काढा. आणि ग्रुपवर पोस्टर टाकताना तारीख, वेळ, पत्ता आणि फोन नंबर खाली साध्या युनिकोडमध्ये टाइप करा. चार ओळी होतात.