भाजी धुण्याआधीचा प्रश्न

भाजी मिठाच्या पाण्यात ठेवली म्हणजे तिच्यावरचे औषध निघून जाते का? दवाखान्यात येणाऱ्या गृहिणी, त्यातही लहान मुले असलेल्या, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. फ्लॉवर आणि द्राक्षांबद्दल तर हमखास. याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून आजचा लेख.

आधी धुण्याविषयी. वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुतल्यास फळाच्या किंवा पानाच्या पृष्ठभागावर बसलेला औषधाचा अंश बराच कमी होतो. साल काढल्यास आणखी कमी होतो, कोबीची बाहेरची दोन पाने काढून टाकल्यानेही होतो. मिठाच्या पाण्याचा खरा उपयोग फ्लॉवरच्या तुऱ्यात दडलेल्या अळ्या बाहेर काढण्याला आहे. औषधाच्या बाबतीत त्यावर फार भिस्त ठेवू नये. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ साली सफरचंदांवर प्रयोग झाला. तेथे खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बारा ते पंधरा मिनिटे ठेवल्यावर सालीवरची दोन औषधे बहुतांशी निघाली. मात्र त्याच प्रयोगात असेही दिसले की, चोवीस तासांत एका औषधाचा सुमारे पाचवा हिस्सा सालीतून आत उतरला होता. आत गेलेले औषध कोणत्याही पाण्याने निघत नाही.

शिवाय काही औषधांची घडणच अशी असते की ती पिकाच्या रसात शिरावीत. त्यांना आंतरप्रवाही औषधे म्हणतात. रस शोषणाऱ्या मावा, तुडतुड्यांसाठी ती वापरतात. ती भाजीच्या आत असतात, तेव्हा धुण्याचा प्रश्नच उरत नाही. ती कमी होतात ती काळाने. ऊन, हवा आणि झाडाची स्वतःची वाढ यांमुळे औषधाचे प्रमाण दिवसागणिक घटत जाते. म्हणूनच फवारणीनंतर किती दिवसांनी माल तोडावा, हे प्रत्येक औषधाच्या माहितीपत्रकावर पिकानुसार दिलेले असते. शेतकीवाले त्याला काढणीपूर्व प्रतीक्षा काळ म्हणतात. माझ्या मते भाजीवरच्या औषधाचा सगळा प्रश्न या काही दिवसांत आहे, आणि आपण मात्र चर्चा करतो ती स्वयंपाकघरातल्या घमेल्याची.

आता भेंडीचे उदाहरण घ्या. भेंडीचा तोडा दिवसाआड करावाच लागतो. दोन दिवस चुकले की भेंडी जून होते, तिला कोणी हात लावत नाही. समजा, एखाद्या औषधाला सात दिवस थांबायचे आहे. म्हणजे तीन तोडे टाकून द्यायचे. काकडी, गवार, दोडका यांचे असेच. वांग्याचे तर त्याहून अवघड, कारण शेंडे आणि फळ पोखरणारी अळी एकदा फळात शिरली की वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. मग शेतकरी ती शिरण्याआधीच मारता यावी म्हणून पुन्हा पुन्हा पंप उचलतो. पवन मावळातील एक शेतकरी मला म्हणाले, "डॉक्टर, थांबायला आम्ही तयार आहोत. पण त्या तीन तोड्यांचे पैसे कोण देणार?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. घरच्या खाण्यासाठी कडेचे दोन वाफे बिनऔषधाचे ठेवतो, हेही त्यांनी न लपवता सांगितले. त्यांना दोष देण्यापूर्वी आपण बाजारात काय करतो ते पाहावे. एक भोक दिसले की वांगे परत पाटीत टाकणारे आपणच.

पैसे देणारा असला की हेच शेतकरी थांबतात, याचा पुरावा आपल्या जिल्ह्याजवळच आहे. २००३ साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत औषधांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. मेथोमिल हे त्यांतले एक. बाजारपेठ हातची जाण्याची वेळ आली, तेव्हा यंत्रणा हलली. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात प्रयोगशाळा उभी राहिली, निर्यातीच्या बागांची नोंदणी सुरू झाली, तोडणीआधी नमुने तपासले जाऊ लागले. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनामुळे पुन्हा माल अडकला, मग त्याचीही तपासणी सुरू झाली. आज नारायणगाव किंवा नाशिककडचा निर्यातदार बागायतदार कोणत्या दिवशी काय फवारले, ते वहीत लिहून ठेवतो. हॉलंडमधल्या मुलाच्या तोंडात जाणाऱ्या घोसाची एवढी काळजी. कामशेत किंवा वडगावच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या भेंडीच्या पाटीची अशी तपासणी होताना मी तरी पाहिलेली नाही. आणि ते मेथोमिल? आपल्या देशात त्यावर बंदी आली २०२३ साली, वीस वर्षांनी.

देशपातळीवर नमुने घेतले जात नाहीत असे नाही. केंद्र सरकारच्या योजनेत २०१४-१५ या वर्षात भाज्या, फळे, धान्य, दूध वगैरेंचे २०,६१८ नमुने तपासले गेले. त्यांपैकी १८.७ टक्क्यांत औषधांचे अंश होते आणि २.६ टक्क्यांत ते मर्यादेबाहेर होते. हा दुसरा आकडा लहान वाटतो, आणि घाबरून भाजी सोडावी असा तो नाहीच. भाजी न खाल्ल्याने होणारे नुकसान निश्चित आहे. पण त्याच तपासणीत १२.५ टक्के नमुन्यांत मान्यता नसलेली औषधे आढळली, हे मला अधिक काळजीचे वाटते. मोनोक्रोटोफॉसचेच पाहा. भाज्यांवर त्याचा वापर २००५ सालीच बंद केला होता. पण कपाशीसाठी ते दुकानात मिळत राहिले. दुकानात असलेली बाटली कोणत्या पिकावर जाते, हे पाहायला कोण बसले आहे?

मर्यादेच्या आतला अंश एका दिवसात कोणाला आजारी पाडत नाही. शंका आहे ती वर्षानुवर्षे थोडे थोडे पोटात जाण्याची, आणि गर्भवती स्त्रिया व लहान मुलांची. मूल वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त खाते, त्यामुळे तेवढ्याच अंशाचा भार त्याच्यावर अधिक पडतो. मुलांसाठी भाज्या बदलून बदलून आणाव्यात, म्हणजे एकाच औषधाचा अंश रोज जात नाही. हंगामाबाहेरची भाजी हट्टाने आणू नये. आपल्याकडे वैशाखात ठाकर आणि कातकरी बाया करवंदे घेऊन लोणावळ्याच्या रस्त्यावर बसतात, पुढे जांभळे येतात. रानातल्या या मेव्यावर कोणी पंप मारलेला नसतो. धूळ असते, ती धुवावी आणि मुलांना पोटभर द्यावीत. उलट, मावळातील पॉलिहाऊसचे गुलाब दिसायला कितीही सुंदर असले, तरी ते खाण्यासाठी पिकवलेले नसतात. त्यांच्या पाकळ्यांचा गुलकंद घरी करू नये.

ग्राहकाच्या आधी एका माणसाच्या अंगावर हे औषध पडते, त्याचा विचार आपण फारच कमी करतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर मरण पावले, शेकडो रुग्णालयात गेले. आपल्या भागातही पंप पाठीवर घेणारा बहुधा रोजंदारीचा माणूस असतो. पाय उघडे, तोंडाला टॉवेल, औषध झाकणाने मोजलेले, कधी दोन-तीन औषधे एकत्र. फवारणीनंतर तोंडाला लाळ सुटणे, दरदरून घाम, उलटी, पोटात मुरडा, डोळ्यांपुढे अंधुक दिसणे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. कपडे ताबडतोब काढावेत, अंग साबणाने धुवावे आणि डबा किंवा त्यावरचा कागद बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे. कागद पाहिल्यावर डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो. लिंबू-मीठ, ताक देत बसू नये. रिकामा डबा घरात तर मुळीच ठेवू नये. बिहारच्या सारण जिल्ह्यात २०१३ साली शाळेतील जेवण खाऊन तेवीस मुले दगावली, त्या जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस होते.

मग करायचे काय? सरकारने प्रत्येक पाटी तपासावी, ही अपेक्षा वेडेपणाची ठरेल. पण मोठा गिऱ्हाईक विचारू लागला की काय होते, ते द्राक्षांत दिसले आहे. आपल्याकडे असा मोठा गिऱ्हाईक आहे. लोणावळा-खंडाळ्याची हॉटेले, शाळांची वसतिगृहे, तळेगाव-चाकणच्या कारखान्यांची कॅन्टीन रोज पोत्यांनी भाजी घेतात. यांपैकी चार जणांनी ठरवले, की मावळातल्याच दहा-बारा शेतकऱ्यांकडून, किंवा बचत गटाकडून, ठरल्या भावाने माल घ्यायचा आणि टाकाव्या लागलेल्या तोड्यांचा खर्च भावात धरायचा, तर थांबणे शेतकऱ्याला परवडेल. वांग्यात कामगंध सापळे लावणे, किडलेले शेंडे वेळच्या वेळी खुडून नष्ट करणे, पाच टक्के निंबोळी अर्क वापरणे हे त्यांना शिकवावे लागत नाही. तालुक्याचे कृषी अधिकारी ते सांगतच असतात. कष्ट जास्त आहेत आणि भाव तोच, म्हणून ते मागे पडते.

बदल्यात हॉटेलवाल्याने एकच मागावे, एक साधी शाळेची वही. तिच्यात तीन रकाने पुरेत: औषधाचे नाव, फवारल्याची तारीख, तोड्याची तारीख.