विषारी गाळ आणि युरोपचे पर्यावरणप्रेम

१९७२ साली स्वीडनच्या राजधानीत, स्टॉकहोम येथे, पर्यावरणावरची संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद भरली. तेव्हापासून गरीब राष्ट्रांना निसर्गरक्षणाचे पाठ देण्याचा मक्ताच जणू युरोपने घेतला आहे. त्याच स्वीडनमधून वाढलेल्या बोलिडेन कंपनीच्या खाणीने स्पेनमधील ग्वादियामार नदीच्या खोऱ्याचे काय केले, हे मात्र त्या पाठांत येत नाही.

२५ एप्रिल १९९८ रोजी सेव्हिलजवळच्या अझनालकोयार येथे खाणीच्या टाकाऊ गाळाचा बांध फुटला. लक्षावधी घनमीटर आम्लयुक्त पाणी आणि गाळ नदीत शिरला. चार हजारांहून अधिक हेक्टर भूमी त्याखाली गेली. तातडीने बंधारे घालून दोन्याना राष्ट्रीय उद्यान बव्हंशी वाचविण्यात आले आणि युरोपने सुटकेचा निःश्वास टाकला. पक्ष्यांचे अभयारण्य वाचले, शेतकऱ्याच्या मातीचे काय?

त्या गाळात शिसे, जस्त, तांबे, आर्सेनिक, कॅडमियम होते. यंत्रांनी तो खरवडून खाणीच्या खड्ड्यात नेऊन टाकला, तरी मातीत मिसळलेला अंश उरलाच. गाळातील गंधकयुक्त लोहखनिजाला हवा लागली की आम्ल तयार होते, आम्लाने धातू विरघळतात आणि मुळांवाटे पिकांत शिरतात. जड धातू कुजत नाहीत, जळत नाहीत. चुना आणि लोहयुक्त माती घातली ती त्यांना जखडून ठेवण्यासाठी. नष्ट करण्याचा उपाय कोणापाशीच नव्हता. अखेर शासनाने त्या जमिनी विकत घेतल्या, तेथील शेती थांबली आणि त्या पट्ट्याला नाव मिळाले 'हरित पट्टा'! पिढ्यान्‌पिढ्यांची शेती गेली, त्याला हे गोंडस नाव.

आणि खर्च? आंदालुसियाच्या प्रांतिक शासनाने सफाईपोटी कंपनीकडे सुमारे ९ कोटी युरो मागितले. वर्षानुवर्षे खटला चालला. २०२३ साली सेव्हिलच्या न्यायालयाने ती मागणी फेटाळली. 'जो प्रदूषण करील तो भरील' हे तत्त्व जगाला ऐकविणाऱ्या खंडातला हा न्याय!

भूमीला माता म्हणणारे आपण त्यांच्या लेखी भाबडे. पण उदयपूरजवळच्या बिछडी गावाच्या विहिरी आणि जमिनी रासायनिक गाळाने नासल्या, तेव्हा १९९६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कारखानदारांनाच पूर्णतः उत्तरदायी ठरविले. वसुली रेंगाळली, ही आपली नामुष्की खरीच. तरी २०११ साली त्याच न्यायालयाने ३७ कोटींहून अधिक रक्कम चक्रवाढ व्याजासह भरण्यास फर्माविले.