राखीव म्हणजे कोरी नव्हे

८०८६ची असेंब्ली शिकणारा डिप्लोमाचा विद्यार्थी केव्हा ना केव्हा जर्नलमध्ये ‘डीबी २० डप (?)’ अशी ओळ उतरवतो. वीस बाइट जागा हवी, आत काय असेल ते असो, एवढाच तिचा अर्थ. कंसातल्या प्रश्नचिन्हाबद्दल तोंडी परीक्षेतही सहसा कोणी विचारत नाही. विचारायला हवे.

जागा राखण्याची रीत जुनी आहे. १९५०च्या दशकात आयबीएम ७०४साठी युनायटेड एअरक्राफ्टमध्ये तयार झालेल्या असेंब्लरात ‘ब्लॉक स्टार्टेड बाय सिंबॉल’ ही सूचना होती. तिचीच आद्याक्षरे, बीएसएस, आजही प्रोग्रामच्या एका विभागाचे नाव म्हणून टिकून आहेत. नॅस्म या असेंब्लरात या विभागात ‘रेसबी ६५५३६’ लिहिले, तर फाइलमध्ये केवळ आकाराची नोंद होते. तेवढीच शून्ये डेटा विभागात लिहिली, की फाइल ६४ केबीने फुगते. प्रोग्राम सुरू होताना लिनक्स या राखीव जागेसाठी शून्यांनी भरलेली पाने देते. म्हणजे ते शून्य असेंब्लरने लिहिलेले नसते, कर्नलने दिलेले असते. साध्या मायक्रोकंट्रोलरवर कर्नल नसते. तिथे स्टार्टअप कोडला ती जागा स्वतः पुसावी लागते. तेवढे लूप राहून गेले, की प्रोग्राम कधी चालतो, कधी नाही, आणि बिचाऱ्या हार्डवेअरवर खापर फुटते.

खरा घोळ ‘लोकल’ या शब्दाचा आहे. ग्नू असेंब्लरची ‘एलकॉम’ ही सूचना जागा राखते ती बीएसएसमध्येच. तिथले नाव दुसऱ्या फाइलला दिसत नाही, इतकाच तिचा लोकलपणा. जागा प्रोग्राम संपेपर्यंत तीच राहते. फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावले, तर दोन्ही खेपा त्याच बाइटांवर लिहितात. प्रत्येक खेपेला वेगळी जागा हवी असेल, तर ती स्टॅकवर घ्यावी लागते: आरएसपी या स्टॅक पॉइंटरमधून ३२ वजा केले, की ३२ बाइट मिळाले. सरकतो तो फक्त पॉइंटर. आधीच्या फंक्शनने ठेवलेले पत्ते, आकडे, क्वचित पासवर्डचे तुकडेही तिथे तसेच पडून असतात. खोली रिकामी मिळते, पण भिंतीत आधीच्या भाडेकरूचे खिळे!

सीवाल्यांची थोडी सोय झाली आहे. क्लँग या कंपायलरपाठोपाठ २०२२च्या जीसीसी १२मध्येही स्टॅकवरची चले आपोआप शून्य करण्याचा पर्याय आला. हाताने असेंब्ली लिहिणाऱ्याला तो उपयोगाचा नाही. पण म्हणून दिसेल ती जागा पुसत सुटणेही आम्हाला पटत नाही. ‘रीड’ कॉलने लगेच भरायचा बफर आधी शून्य करणे ही फुकटची मेहनत आहे. किती बाइट आले, तो आकडा आरएएक्स रजिस्टरमध्ये परत मिळतो. तो ऋण नाही ना, हे पाहावे आणि तेवढेच बाइट वाचावेत.